डब्यात काय होतं

९ जुलै २०२५

सुचित्रा,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. आठवड्यातून एकदा फोन मिळतो, त्यासाठी लाइनीत उभं राहायचं, आणि तुझी रिंग आपली वाजून वाजून बंद. बॅरकमधले लोक हसतात. नाय उचलायचा तर नको उचलू, पण पत्राला उत्तर दे. दीपी कशी आहे एवढंच कळव. आहे ना? माझ्या टेम्पोवरचा दौलत म्हणतो आहे. पण दौलतला हॉस्पिटलात आत कोण सोडतंय, तो गेटवरूनच बघून येतो.

मी बरा आहे. आल्या आल्या एकाने माझी चादर फेकून जागा घेतली होती. त्याला समजावला. आता जागा माझी आहे आणि तो जेलच्या दवाखान्यात पडलाय. तुझ्या नवऱ्याच्या वाटेला कोण जात नाही, काळजी करू नको.

त्या डॉक्टरची चीड मात्र अजून जात नाही. आणखी दोन ठेवून द्यायला पाहिजे होत्या. तूच सांग, माझी बहीण, दादरच्या दुकानात दिवसभर उभी राहून साड्या उलगडून दाखवणारी पोरगी. तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. ठीक, नशीब. आपण म्हटलं करा केमो. केमो झाली आणि हा रघुवीर डॉक्टर, मिशी पण धड फुटली नाही त्याला, बाहेर येऊन सांगतो की तिच्या रक्तात बुरशी झालीय. पावाला बुरशी येते सुचित्रा, लोणच्याला येते. जित्या माणसाच्या रक्तात कुठून येईल? त्यांच्याच घाणीतून आली असणार. तसं विचारलं तर म्हणतो, शांत व्हा, बसून बोलू. आत बहीण मरतेय आणि मी बसू? उठला माझा हात. जबडा तुटला त्याला मी काय करू, जबडाच नाजूक त्याचा.

वकील बोलला जामीन होईल. पण घरच्यांनी लिहून द्यायला पाहिजे की पहिला धक्का डॉक्टरने दिला. तू तिथेच होतीस. तेवढी सही करून टाक.

आणि म्हातारीला सांग, नवस सांभाळ. दीपी बरी होऊन घरी येईपर्यंत घरात नारळ फुटता कामा नये, मासळी येता कामा नये, दीपीच्या तोंडात तेलाचा थेंब जाता कामा नये. गावच्या देवाने उजवा कौल दिलाय. त्याच्यावरच पोरगी टिकून आहे.

हितेंद्र


१६ जुलै २०२५

अहो,

फोन मुद्दाम उचलत नाही. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून हे बरं.

आधी तुमच्या जिवाला हवं ते सांगते. दीपिका जगली आहे. आयसीयूतून वॉर्डात आणली. दंडातून आत घातलेली नळी काढून टाकली, बुरशीवरचं इंजेक्शन रोज चाललं, ताप उतरला, आता रक्त स्वच्छ आलंय. केसांचं विचारू नका. काल आरसा मागितला आणि स्वतःच म्हणाली, वहिनी, आता शाम्पूचा खर्च वाचला. हसली. मग आरसा पालथा ठेवून भिंतीकडे वळली.

बुरशी कुठून आली म्हणता, तर बाहेरून आलीच पाहिजे असं नाही. डॉक्टर सांगतात, ती तुमच्या-माझ्या पोटातही असते, गप पडून असते. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपतात, आतडं सोललं जातं, मग राखण करायला कोणी उरत नाही आणि ती सरळ रक्तात शिरते. ब्लड कॅन्सरच्या पेशंटला ही भीती असतेच. म्हणून तर बुरशी व्हायच्या आधीपासूनच ते पातळ औषध सुरू केलं होतं, चेरीच्या वासाचं, दिवसातून तीनदा. ते बुरशीला अडवायचंच औषध. आयसीयूत असताना तिचं रक्त तपासलं तर त्यात ते औषध जवळजवळ सापडलंच नाही. आता दुसरी केमो जुलैच्या शेवटाला. हेच औषध पुन्हा देणार, पण या वेळी रक्त तपासत तपासत.

तुम्ही मारलंत त्या दिवसापासून डॉक्टर लोकांनी काम बंद ठेवलं होतं. ओपीडीला कुलूप. बाहेरगावची माणसं पेशंट घेऊन परळच्या फूटपाथवर बसलेली. त्यातली एक बाई माझ्याच शेजारी बसून, ज्याने डॉक्टरला मारलं त्याचा हात झडो म्हणत होती. तिला काय माहीत मी कोण ते. मी मान हलवली.

आई मिठाशी भात खातात. नारळ नाही, मासा नाही. त्या फार बोलत नाहीत. नायगावात आपल्या पलीकडच्या चाळी पाडायला घेतल्यात, दिवसभर धूळ. लाइट जाते येते. मी लालबागला मसाल्याच्या डंकावर मजुरीने मिरची कुटायला जाते, तिथून डबा घेऊन हॉस्पिटलात.

माझा कान तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगते. आता थोडं ऐकू येतं. सहीचं मागाहून बघू.

सुचित्रा


२४ जुलै २०२५

सुचित्रा,

हे बघ, मी बोललो होतो की नाही? तू स्वतःच्या हाताने लिहिलंस. रक्तात औषध सापडलं नाही. दिवसातून तीनदा पोटात गेलं ना? मग कुठे गेलं? औषध नकलीच होतं. बाटलीत साखरेचं पाणी आणि चेरीचा वास. सगळे मिळालेले आहेत, डॉक्टर, दुकानवाला, सगळे. आणि तू मला अक्कल शिकवतेस की बुरशी पोटात असते. माझ्या पोटात नाय बुरशी.

वाचून रात्रभर झोपलो नाही. सकाळी चहाच्या लाइनीत एक जण मध्ये घुसला, त्याचं डोकं नळावर आपटलं. मला आता आठवडाभर फोन बंद. झालं तर झालं.

ऐक. ते औषध दीपीला पुन्हा द्यायचं नाही. एक थेंब नाही. दौलत मुलाखतीला येऊन गेला, त्याला सांगितलंय काय करायचं ते. इथे लिहीत नाही, पत्र उघडून वाचतात. तो येईल तेव्हा आडवी येऊ नको. बर्फाचा टेम्पो मासळीच्या धक्क्यावर नेताना दहा वर्षं माझ्या बाजूला बसलाय तो, सख्ख्या भावासारखा आहे मला.

कान कान काय लावलंय? नवरा-बायकोत होतं. सुरुवात तू केलीस. घरात नवस चालू आणि तू लपून डबा करून नेतेस, मासळी घालून. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये वास सुटला म्हणून कळलं तरी. दुसऱ्या कोणी जीव घेतला असता. मी डबाच उडवला, आणि एक दिली.

सही कर. वकील थांबलाय. तू सही केलीस तर मी गणपतीला घरी असेन. नाय केलीस तर मी बाहेर आल्यावर बघतो काय करायचं ते.

हितेंद्र


८ ऑगस्ट २०२५

हितेंद्र,

आज तुला अहो म्हणवत नाही, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा अरेतुरे करते आहे. हे पत्र तुझ्याआधी जेलचे साहेब वाचतील. वाचू देत. त्यांच्याही घरी बायका असतील.

तुझा भाऊ दौलत मंगळवारी येऊन गेला.

सकाळी लाइट नव्हती, तोडकामवाल्यांनी पुन्हा केबल उडवली होती, म्हणून मी पाट्यावर वाटण वाटत होते. हो, नारळाचं वाटण. दीपीची दुसरी केमो होऊन गेली होती, तिच्या पांढऱ्या पेशी खाली उतरायला लागल्या होत्या, आणि वॉर्डातली बाटली संपत आली म्हणून मी आदल्या दिवशी नवीन आणून ठेवली होती, डब्याबरोबर न्यायला. दौलत आला, आधी गोड बोलला. भाऊने सांगितलंय, बाटली दे, तपासायला देतो. मी म्हटलं, तपासणं हॉस्पिटलात चाललंय, तू जा. तर त्याने हात घातला. मी बाटली पदराखाली धरली. त्याने माझे केस धरून डोकं कपाटावर आपटलं आणि बाटली ओढून भिंतीवर मारली. काच आणि ते पातळ औषध भिंतीवरून खाली. डब्याला लाथ मारली, अगदी तुझ्यासारखी, बघून शिकलाय. आई मध्ये पडल्या. त्यांना ढकललं, त्या मोरीच्या कठड्यावर आपटल्या. मनगट मोडलं. प्लास्टर आहे.

मग काय झालं ते तुला दौलत सांगणार नाही, लाजेने. मी सांगते. डंकावरून आणलेला मसाला परातीत होता. मूठ भरली आणि त्याच्या डोळ्यांत मारली. तो ओरडत हात फिरवायला लागला, माझ्या हाताला वरवंटा लागला, तो मी त्याच्या हातावर घातला. ज्या हाताने बाटली फोडली त्याच. नारळ फोडताना येतो तसा आवाज आला. घरात नारळ फुटता कामा नये म्हणाला होतास. फुटतच होता रे, आठवडाभर, आणि त्या दिवशी दौलतचं हाडही फुटलं. शेजारपाजार जमला. पुन्हा आलास तर दुसरा हात, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं त्याला.

आईंना शेजारणीच्या ताब्यात दिलं आणि तशीच परळला गेले. कपाळावर रक्त, साडीवर औषध. दीपीचा डोस चुकता कामा नये एवढंच डोक्यात होतं. वॉर्डात समोर कोण, तर रघुवीर डॉक्टर. कामावर आलाय तो. तोंडात तारा बांधल्यात, दात मिटलेले, त्यातूनच बोलतो, नळीने पातळ पितो. मला बघून आधी त्याने माझी जखम पुसली. कोणी मारलं, असं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. दौलतचं नाही सांगितलं. त्याने जाऊन वॉर्डाच्या साठ्यातून त्या दिवसापुरतं औषध मिळवलं. तुझ्या बहिणीसाठी.

आता तुला जे आधीच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. तू आत आहेस, एकटा आहेस, तुला कशाला आणखी, असं वाटलं होतं मला. त्या दयेपायी माझं डोकं फुटलं आणि आईंचं मनगट. आता दया संपली.

औषध नकली नव्हतं. मे महिन्यात पहिल्याच दिवशी रघुवीर डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे पातळ औषध पोटभर आणि स्निग्ध जेवणाबरोबरच द्या. तेल, तूप, नारळ, मासा, तिला आवडेल ते, फक्त ताजं आणि नीट शिजवलेलं. रिकाम्या पोटी किंवा पाण्यासारख्या जेवणावर दिलं तर ते अंगाला लागतच नाही, आत जातं आणि तसंच बाहेर पडतं. म्हणून मी डबा केला होता. लपून नाही, घाईने. पॅसेजमध्ये मी तुला हेच सांगत होते. अहो, डॉक्टरांनी सांगितलंय, अहो, औषधासाठी आहे. तू म्हणालास, डॉक्टर मोठा की देव मोठा, आणि डबा उडवलास, आणि माझ्या कानावर दिलीस. त्यानंतर तू स्वतः दारात उभा राहून माझ्या पिशवीत हात घालून बघायचास. मग महिनाभर आपल्या घरून काय गेलं? पेज. पातळ पेज आणि मीठ. पोरगी रोज तीनदा ते औषध प्यायची आणि त्यातलं काही तिच्या रक्तापर्यंत पोचत नव्हतं. मग पेशी संपल्या आणि बुरशी शिरली.

डॉक्टरला हे कळायला हवं होतं. दीपी म्हणाली, वहिनी तू नको बोलू, मी सांगते त्यांना. तिने सांगितलं असेल असं मी धरून चालले.

बुरशी झाल्यावर आयसीयूबाहेर तू ज्याचा जबडा मोडलास, तोच एक माणूस होता ज्याने तिला मासे घाला म्हणून सांगितलं होतं.

आता नवसाचं. दुसऱ्या केमोच्या आधी मी आईंच्या पाया पडले. म्हटलं, आई, मी नवस मोडणार आहे, पाप मला लागू दे. त्यांनी मला धरून उठवलं. मग म्हणाल्या, "अगो, मी माझ्या तोंडाचो नवस बोललंय. चेडवाच्या तोंडाचो नाय. आजारी चेडवाक उपाशी ठेव असा खयचो देव सांगतलो?" देवाने कौल दिला तो फक्त ती बरी होईल म्हणून. मासा आणि नारळ त्यांनी स्वतःचा सोडला, लेकीपायी. ते तू सगळ्या घरावर घातलंस, आणि त्या एकदा सांगायला गेल्या तर तू ताट भिरकावलंस, आठवतं? मग त्या गप्प झाल्या. या घरात सगळ्या बायका गप्प बसायला शिकल्यात, आणि त्यात एकीचा जीव जाता जाता राहिला.

आईंनीच नारळ फोडला दीपीसाठी. स्वतः अजून मिठाशी भात खातात.

औषध तेच आहे, त्याच दुकानातलं, त्याच नावाचं. आता माशाच्या कढीबरोबर जातं. परवा रक्त तपासलं. हवं तेवढं औषध रक्तात आहे. आता पुढचे दिवस कठीण, पेशी जवळजवळ नाहीतच. दर तासाला तिच्या कपाळाला हात लावून बघते.

पोलिसांनी जबाबाला बोलावलं होतं. मी गेले. धक्का कोणी दिला, पहिला हात कोणी उचलला, डॉक्टर खाली पडल्यावर लाथा किती वेळ बसत होत्या, सगळं जसं झालं तसं सांगून आले. दौलतचीही तक्रार दिली. तुझ्या वकिलाला सांग, थांबू नकोस.

सुचित्रा


१७ ऑगस्ट २०२५

सुचित्रा,

दौलतच्या हातात ऑपरेशन करून सळई घातली म्हणे. बाईमाणूस आहेस की कोण आहेस? मी बाहेर आल्यावर तुझा

नाय लिहीत. इथले साहेब वाचतात.

तू खोटं लिहितेस. मासळीने कोणाचा कॅन्सर बरा झालाय? उद्या म्हणशील सुरमईने टीबी जातो. त्या डॉक्टरने तुला पढवलंय. मला अडकवायला दोघांनी मिळून बनवलंय हे. म्हातारी पण तुमच्यात मिळाली. मी माझ्या बहिणीला पेज घातली, दुसरं काय केलं? आजारी माणसाला पेजच घालतात. आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या पेज घालतात. बाबांना काविळीत पेजच घातली होती आईने. मी वाईट काय केलं? माझी बहीण आहे ती. तिच्यासाठी मी आत बसलोय, हे विसरता तुम्ही लोक.

पत्र फाडलं तुझं. मग तुकडे पुन्हा गोळा केले. इथे एक मास्तर आहे, भावकीच्या भांडणात आत आलेला, त्याला वाचायला दिलं. त्याने वाचलं आणि परत दिलं. मी कॉलर धरली त्याची, बोल म्हटलं. त्याने माझा हात सोडवला आणि जाऊन आडवा झाला.

दीपीला ताप आहे का? कोण काय कळवत नाही. दौलत पण आता येत नाही.

एक सांग. ज्या दिवशी मी डबा उडवला, त्या दिवशी डब्यात काय होतं?

हितेंद्र


३० ऑगस्ट २०२५

दादा,

वहिनीने तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, याला मी उत्तर देणार नाही, तुला द्यायचं तर दे. हातात अजून जोर नाही, अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच.

डब्यात पापलेटची कढी होती. जाड नारळाचा रस घातलेली, कोकम जरा कमी, मला आवडते तशी. सुरमईची तळलेली तुकडी. गरम भात. मला कसं माहीत, सांगते. तू पॅसेजमध्ये लाथ मारलीस तेव्हा कढी वॉर्डाच्या दाराखालून आत आली. वॉर्डातली झाडूवाली मावशी येऊन पुसेपर्यंत मी ती बघत होते. केमो लागल्यापासून मला पाण्याचा घोटही नको वाटत होता. त्या वासाने पहिल्यांदा तोंडाला पाणी सुटलं. आणि मग बाहेरून वहिनीच्या कानाखाली बसलेला आवाज आला.

एक गोष्ट वहिनीलाही माहीत नव्हती. तिला मी आत्ता सांगितली, म्हणून तुलाही लिहिते.

रघुवीर डॉक्टर रोज राउंडला यायचे आणि रोज एकच प्रश्न विचारायचे. औषधाबरोबर स्निग्ध काही खाल्लं का? मी रोज म्हणायचे, हो. काय खाल्लं विचारलं तर तेही सांगायचे. आज बांगडा, आज कोलंबी, आज तुपातला शिरा. पोटात पेज असायची. नाही म्हटलं असतं तर ते तुला बोलावून समजावणार होते. तू त्यांच्यासमोर हो डॉक्टर, हो डॉक्टर केलं असतंस. आणि घरी जाऊन वहिनीचा दुसरा कान फोडला असतास. मला बुरशीची भीती नव्हती, बुरशी मी कधी बघितली नव्हती. तुझा हात बघितला होता.

तेव्हा त्या डॉक्टरांना काही कळायचा मार्गच नव्हता. त्यांना वाटत होतं पोरगी रोज मासे खाते आहे. औषध रक्तात किती पोचलंय ते तपासायला लावणारच होते, तेवढ्यात ताप आला.

तू त्यांना मारत होतास तेव्हा मला स्ट्रेचरवरून आयसीयूत नेत होते. सगळ्यांना वाटलं मी शुद्धीत नाही. मी होते. ते खाली पडले होते आणि तू माझं नाव घेऊन लाथा घालत होतास. दीपी, दीपी म्हणत. लहानपणी बाबा दारू पिऊन यायचे, आईला मारायचे, तेव्हा आपण दोघं पलंगाखाली शिरायचो. तू माझ्या तोंडावर हात धरायचास, माझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तुझ्या हाताला घामाचा आणि पेन्सिलीचा वास यायचा. त्या दिवशी स्ट्रेचरवर तुझा हात माझ्या तोंडावर नव्हता. तरी मी आवाज केला नाही. एवढी सवय झालीय.

तू माझ्यासाठी आत बसला आहेस असं लिहिलंस. नको लिहूस असं. कोणाला सांगूही नकोस.

आता माझी खबर. दुसऱ्या फेरीत पेशी पार संपल्या होत्या, एकदा तापही आला. वहिनी रात्रभर खुर्चीत बसून होती. रक्त तपासायला पाठवलं. साधा ताप निघाला, बुरशी नव्हती. आता पेशी वर येत आहेत. अजून दोन फेऱ्या बाकी आहेत आणि त्या प्रत्येक वेळी ही भीती पुन्हा असणारच, औषध असलं तरी. पण या वेळी औषध आत पोचतंय. पेज कुणाला घालू नये असं मी म्हणत नाही दादा. हे औषध पेजेवर चालत नाही, एवढंच. ते कोणीतरी तुला सांगत होतं आणि तू ऐकत नव्हतास.

डॉक्टरांच्या तारा निघाल्या. जबडा एका बाजूला जरा उतरतो, बोलताना कळतं. आज राउंडला आले. माझ्या टेबलावर वहिनीचा डबा होता, रिकामा, चाटूनपुसून. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, स्निग्ध काही खाल्लं का. मी हो म्हटलं. बांगड्याची कढी, दोन वाट्या, आणि भातावर तूप. आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर देता आलं.

मग मी त्यांना मागचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला डबा उघडून बघायला हवा होता. बघ, तोही माणूस स्वतःलाच बोल लावतो.

जामिनाच्या कागदावर वहिनीची सही मागू नकोस. माझीही मागू नकोस. आई मागितली तर देईल, आई आहे ती, म्हणून तिलाही मागू नकोस. भाऊबीजेला मी तुला मनातल्या मनात ओवाळीन, ते मला टाळता येणार नाही.

पण माझ्या दोन फेऱ्या संपेपर्यंत तू तिथेच राहा. तू आत आहेस म्हणून मी पोटभर जेवते आहे, दादा.

दीपी